दाजींच्या कानात शिरलेलं ग्वाल्हेर

“आधी ते ढोलकं थांबवा, नाहीतर खाली उतरून त्याचं कातडं माझ्या जोड्यांना लावून घेईन.”

दाजी खिडकीची चौकट धरून कमरेपर्यंत बाहेर आले होते आणि दुसऱ्या हातातला पंचा निशाणासारखा फडकवत होते. खाली खासगी बाजाराच्या गल्लीत एक अत्तरवाला, एक काकडीवाला आणि एक बकरी असे तिघेजण मान वर करून पाहत होते. काही समजल्याची खूण दिसलीच तर ती बकरीच्या चेहऱ्यावर. समोरच्या घरातलं ढोलकं क्षणभर थांबलं. मग आतून बायकांच्या हसण्याचा लोट आला आणि ढोलकं दुप्पट जोरानं सुरू झालं.

“बापू,” दाजी माझ्याकडे वळले, “तुला हिंदी येते ना? जा आणि सांग त्यांना.”

मी कसा सांगणार? ते घर मुलीचं होतं. परवा त्याच घरात दाजींच्या वसंताचं लग्न लागायचं होतं, आणि ढोलकं वाजवणाऱ्या बायका त्याच लग्नाची गाणी बसवत होत्या.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. साताऱ्याच्या कचेरीत त्यांनी शिरस्तेदारी केली. त्यांनी नुसतं खाकरलं तरी पट्टेवाले उभे राहत आणि भिंतीवरची पाल शेपूट टाकून जाई, असं लोक सांगतात. पालीचं मी स्वतः पाहिलेलं आहे. मुलीचे वडील भाऊसाहेब. ह्यांचं घराणं पिढ्यांमागे मराठी फौजेबरोबर उत्तरेत आलं, दरबारी चाकरीत रुजलं आणि लष्करातच राहिलं. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालचं शहर. पलटणीशी आता त्याचा नावापुरता संबंध. भाऊसाहेबांना कुसुमसाठी देशावरचाच मुलगा हवा होता. एक स्थळ साखरपुड्यापर्यंत येऊन फिरलं होतं, आणि दुसऱ्यांदा तसं झालं तर मुलीला पुन्हा कोणी विचारणार नाही, हे मोहल्ल्यातल्या भिंतींनासुद्धा ठाऊक होतं.

हे लग्न जमवलं मी. दाजी फार शांत आहेत, असं मी ग्वाल्हेरला कळवलं होतं. व्याही फार रीतीभातीचे आहेत, असं साताऱ्याला. दुसरं तरी खरं होतं.

स्टेशनापासून बिऱ्हाडापर्यंत

माझ्या हिंदीबद्दल एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी विचारायला नको. निघण्याआधी वर्षभर मी एका निवृत्त सुभेदारांकडे रोज पहाटे हिंदीचे नियम घोकत होतो. लिंग, वचन, कर्ता, कर्म, सगळं तोंडपाठ. झोपेत मी क्रियापदं चालवायचो. बायकोनं अंथरूण माजघरात नेलं. दाजी, अक्का आणि वसंतासह ग्वाल्हेर स्टेशनावर उतरल्यावर मी टांगेवाल्यापुढे उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि एक असं शुद्ध वाक्य टाकलं की सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

टांगेवाल्यानं ते शेवटपर्यंत आदरानं ऐकलं. मग म्हणाला, “साब, आप मराठी में ई बोल लेओ. थोडी थोडी समझ लेत हैं.”

दाजी तेव्हा हसले. सबंध प्रवासात त्यांचं ते पहिलं हसू, आणि तेही माझ्यावर.

त्या वैशाखात तिथं असा उन्हाळा होता की माठातलं पाणी प्यायच्या आधी फुंकून घ्यावं लागे. दुपारी रस्त्यावर लू, म्हणजे तिथला भाजणारा वारा, वाहते. सावलीसुद्धा सावली शोधत भिंतीला चिकटते. लोक वाळ्याचे पडदे भिजवून दारं लावून घेतात, कैरीचं पन्हं पितात आणि संध्याकाळी पुन्हा जन्माला येतात. सकाळी न्याहरीला कचोरी, वर हिंगाची बटाट्याची आमटी, आणि त्याच्या शेजारी, त्याच द्रोणाला टेकून, जिलबी. दाजींना पहिल्या दिवशी ते दिलं तेव्हा ते बराच वेळ जिलबीकडे पाहत राहिले, जणू ती वाट चुकून आलीय आणि तिला घरी पोचवायला हवं.

“पोहे नाहीत?”

“आहेत ना, व्याहीसाहेब,” भाऊसाहेब म्हणाले. “पण आधी हे खाऊन घ्या. पोहे तर मग होऊन जातील.”

त्यांची मराठी अशी. शब्द आपले, चाल तिकडची. घरातली पोरं तर वाक्य मराठीत सुरू करून अर्ध्यावर हिंदीच्या गाडीत बसत. दाजींना ह्याचा संताप. “हे बोलताहेत की झोके घेताहेत?” ते मला विचारत. “मी ह्या गावचा एक शब्द कानात शिरू देणार नाही. चार दिवसांचं काम आहे. लग्न मुलाचं, कान माझे.”

कान त्यांचे होते, पण गल्ली सरकारी. पहाटे दूधवाला, मग भाजीवाली, मग काकडीवाला, मग ‘खरबूजा’ अशी सानुनासिक आरोळी जी नव्या सडकेपासून सुरू होऊन आमच्या खिडकीत संपे. दुपारी समोरून ढोलकं आणि गाणी. दाजी पडल्या पडल्या कूस बदलत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शिवी घालत. मी शेजारी व्याकरण उघडून बसे. दोन-तीन दिवसांत मला असं दिसू लागलं की त्यांची शिवी बरोबर समेवर पडते आहे.

मी पंख्यानं वारा घेत राहिलो.

मग माकडांचा प्रकार झाला. गच्चीवर वाळत घातलेलं दाजींचं ठेवणीतलं उपरणं एका माकडानं उचललं, खांद्यावर टाकलं आणि ते कठड्यावर मामलेदारासारखं बसलं. दाजी धावले. संतापात माणूस मातृभाषेत ओरडतो म्हणतात. दाजींच्या तोंडून जे निघालं ते मराठी नव्हतं, आणि हिंदी तर मुळीच नव्हतं. पण त्यातली प्रत्येक ठेच, प्रत्येक लांबवलेला शेवट अगदी त्या गल्लीचा होता. माकडानं उपरणं टाकलं. आणि खालून काकडीवाला “हओ साब, आए” म्हणत टोपली घेऊन जिना चढून वर आला.

दाजींनी त्याला हाकललं. मी काकड्या घेतल्या. चांगल्या होत्या.

मुरारच्या वाटेवर

लग्नाला दोन दिवस उरले असता भाऊसाहेबांनी आम्हांला मुरारची छावणी दाखवायला टांगा केला. जाताना किल्ला इतका वेळ डाव्या हाताला उभा राहतो की टांगा चालतोय की किल्लाच बरोबर येतोय असं वाटावं. तो घोडा मात्र किल्ल्याच्या बांधकामाला दगड वाहून निवृत्त झालेला असावा. अर्ध्या वाटेत एका कडुलिंबाखाली थांबला आणि त्यानं पुढं जायचा विचार सोडून दिला. टांगेवाला त्याची समजूत घालू लागला. आम्ही सावलीत बसलो.

मला एक खोडी सुचली. म्हटलं, पाहू तरी.

“दाजी, हे तीन शब्द ऐका. मी आत्ता मनाशीच रचलेत, त्यांना अर्थ नाही. ठोळकंड.”

“हा आपल्याकडचा वाटतो,” दाजी पंच्यानं मान पुसत म्हणाले. “इथं कोणी असं बोलायला गेला तर दात पडतील.”

“झमुक्ष.”

“हा कुठलाच नाही.”

“भिनरैया.”

“हा इथला.”

एका क्षणाचाही विचार नाही. भाऊसाहेब पुढं सरकून बसले. मी आणखी रचले. दाजी बाजारात वांगी निवडावीत तसे शब्द निवडत गेले: हा इथला, हा नाही, हा नाही, हा इथला पण बायकांच्या तोंडचा. माझी काही खात्री नव्हती, म्हणून मी भाऊसाहेबांकडे पाहिलं.

“मामासाहेब, भिनरैया असा शब्द तर नाही आहे,” भाऊसाहेब हळूच म्हणाले. “पण असता ना, तर असाच असता.”

“नईं साब,” टांगेवाला घोड्याच्या कानामागून बोलला. “हमाई नानी कहत तीं. अब कोई नईं कहत.”

आता सांगा. वर्षभर पहाटे उठून मी नियम घोकले. एका टांगेवाल्यानं मला दयेनं मराठी बोलू दिली. आणि हा माणूस, जो ऐकणार नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपत होता, त्याच्या आत कोणीतरी बसून सगळं चाळून-पाखडून ठेवत होतं, त्याला न विचारता.

“दाजी, तुम्ही ओळखता कसं?”

“कसं म्हणजे? शेवग्याची शेंग कुठली, गवारीची कुठली, हे कसं ओळखतोस?”

“पण काही कारण असेल ना? शेवट, उच्चार, काहीतरी?”

“कारण मला काय माहीत. तू डोकं खाऊ नकोस, घोड्याला सांग चालायला.”

घोड्यानं ऐकलं नाही. मुरार आम्ही पाहिलं नाही. ज्यांना मुरारचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसरा घोडा करून जावं.

गारी

परतल्यावर मला गल्लीतच भाऊसाहेबांच्या बहिणीनं गाठलं. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. ढोलकं त्यांचं, गळाही त्यांचा. गल्लीच्या ह्या टोकाला त्यांनी कुजबुज केली तर त्या टोकाला दिवे विझत.

“मामासाहेब, एक काम करून द्या. उद्या सीमांतपूजनाच्या पंगतीत गारी होईल. व्याह्यांच्या कानावर घालून ठेवा.”

“गारी म्हणजे?”

“घ्या. आपल्याला गारी नाही माहीत?” त्यांनी पदर खोचला. “वरपक्ष जेवायला बसला की आम्ही पडद्याआडून शिव्या देतो ना. गाऊन. नाव घेऊन घेऊन.”

आमच्याकडे वरपक्ष पानावर बसला की मुलीचे वडील हात जोडून उभे असतात. तूप कमी पडलं तर रुसवा, मीठ उजवीकडे वाढलं तर रुसवा. शिव्या?

“ही मराठी माणसांची रीत आहे?” मी विचारलं.

“शेजारपाजारची आहे. आता आमची पण आहे. किती पिढ्या झाल्या.”

“आत्याबाई, ह्या वेळी राहू द्या. व्याही तापट आहेत. वावगा शब्द ऐकला तर पानावरून उठतील. मुलाला घेऊन सरळ स्टेशन.”

आत्याबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणि गारी नाही झाली तर? पूर्ण मोहल्ला जेवायला असेल. परक्यांना गारी नाही देत, मामासाहेब. आपल्यांनाच देतात. नाही गायली, तर लोक म्हणतील की हे नातं वरवरचं आहे, ह्या मुलीच्या मागे कोणी उभं नाही. एकदा म्हणून झालंय तिला. आता पुन्हा मी नाही म्हणू देणार.”

गायल्या तर लग्न मोडणार, न गायल्या तर मुलीची मान खाली. मी दोन दगडांच्या मधली सुपारी झालो. दाजींपाशी जाऊन मी दूरदूरून विषय काढला: प्रांतोप्रांतीच्या रीती, थट्टा, थोरामोठ्यांचं मोठं मन.

“बापू,” दाजी म्हणाले, “सरळ बोल.”

“पंगतीत जरा गमतीची गाणी होतील.”

“होऊ देत. मी ऐकणार नाही. पण माझ्या घरातल्या माणसाचं नाव आलं, तर मी पानावर बसणार नाही. हे तू त्यांना हिंदीत सांग, मराठीत सांग, नाहीतर व्याकरणासकट सांग.”

कुसुमची मान आठवून मी ते कुठल्याच भाषेत सांगितलं नाही.

पंगत

दिवेलागणीला चौकात पाट मांडले. केळीची पानं मिळाली नव्हती. पळसाच्या पत्रावळी होत्या, त्याबद्दल दाजींची एक भुवई उचलून झाली होती. पुरणपोळीच्या शेजारी कचोरी, श्रीखंडाच्या शेजारी तीच वाट चुकलेली जिलबी. मोहल्ल्यातली मंडळी समोरच्या रांगेत. मध्ये पडदा, पडद्याआड बायका. वसंता मान खाली घालून भात कालवत होता. वरच्या जिन्याच्या कठड्याआड कुसुम उभी होती. तिचे नुसते हात दिसत होते, कठडा घट्ट धरलेले. मी आत्याबाईंना दिलेला इशारा तिच्या कानावर गेला असावा.

ढोलकं वाजलं.

पहिली गारी माझ्यावर आली, मामा म्हणून. मी गोड हसलो. माझ्या नाकाबद्दल काहीतरी होतं आणि समोरची रांग खूश झाली. दुसरी दाजींच्या पगडीवर. दाजी वरण ओरपत राहिले. मी देवाला नारळ बोललो, मग दोन केले. तिसरी सुरू झाली आणि आत्याबाईंचा आवाज पडदा हलवून बाहेर आला:

“समधी सोए दुपहरिया में, समधिन निकरी घर से,
टांगेवारे से बतियावे, कोऊ न देखो डर से, रे कोऊ न देखो डर से.”

समधी म्हणजे व्याही, समधिन म्हणजे विहीण. विहीण म्हणजे माझी अक्का. व्याही दुपारी झोपले की ती टांगेवाल्याशी गप्पा मारते, एवढाच अर्थ. तिथल्या मानानं ही अगदी दुधातली शिवी. पण तिचा अर्थ दाजींना कसा समजला देव जाणे. त्यांचा हात पानावर थांबला. कान लाल झाले. ते उठले.

पंगतीत माणूस पानावरून उठला की काय होतं हे आपल्याकडे सांगायला नको. भाऊसाहेबांच्या हातातली तुपाची वाटी कलंडली. अक्का पडद्याशी येऊन उभी राहिली. दाजींनी पडद्याकडे बोट केलं, आणि त्यांच्या तोंडून आठवड्याभराचा राग बाहेर पडला:

“अरे कायको लगायो रे, कायको चलायो रे,
मानुस बैठो जेवन कूं, सरम न तुमको आयो रे,
ढिंगरैया, खुंगरैया, सगरे घर के भुंगरैया, ढोल फुटायो रे…”

शपथ घालून विचारलंत तरी सांगता येणार नाही, हे कुठल्या भाषेत होतं. अर्धे शब्द साताऱ्याचे, पाव शब्द मुळात जन्मालाच न आलेले. पण चाल ती, हेलकावा तो, ओळ जिथं टेकायची तिथंच टेकलेली. दुसऱ्या ‘रे’ला ढोलकं त्यांच्या खाली आलं. मी ते स्पष्ट पाहिलं: आधी ढोलकं वाजवणारीचा हात चालला आणि मग तिला कळलं आपण वाजवतोय. दाजी ओरडतच होते आणि ढोलकं त्यांना सोडत नव्हतं. जितका राग चढे तितकं गाणं चढे. ते मध्येच थांबायला गेले, तर समोरच्या अख्ख्या रांगेनं ‘रे’ म्हणून ओळ पुरी केली.

पडद्याआडून आत्याबाई म्हणाल्या, “हाय दैया, समधी तो जवाब दे रहे.”

आणि चौक फुटला. मांडव नसता तर आवाज किल्ल्यावर आदळून परत आला असता. मांडव असूनही तो दोनदा परत आला. माझ्या समोरचा एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा डोळे पुसत शेजाऱ्याला विचारत होता, “जा गारी कहाँ की है? हमाए गाँव की तो नईं. मगर है असली.” वसंता हसत होता, माझा भाचा मी प्रथमच दात दाखवताना पाहिला, आणि दात चांगले आहेत.

दाजी उभेच होते. ते रागानं चालते होत आहेत हे त्या चौकात फक्त तिघांना ठाऊक होतं: त्यांना स्वतःला, मला आणि अक्काला. बाकी सगळ्यांनी धरलं की देशावरचा व्याही उभा राहून गारीला गारी देतो आहे. असा व्याही त्या मोहल्ल्यानं कधी पाहिला नव्हता. त्यांनी पायरीकडे एक पाऊल टाकलं. लोकांनी त्यांना नाचायला जागा करून दिली.

अक्का पडद्यापासून दोन पावलं पुढं आली. पदर सावरत, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “बसा आता. सगळे तुमच्याकडे बघताहेत.”

“ते तुझं नाव घेऊन—”

“घेतलं ना. आणि तुम्ही उत्तर दिलंत. इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी चारचौघांत तुम्ही पहिल्यांदा बोललात. बसा.”

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग पानाकडे पाहिलं. तिथल्या रिवाजाप्रमाणे हरलेल्या गाणारणीनं व्याह्याच्या पानात स्वतःच्या हातानं गोड वाढायचं असतं. आत्याबाई जिलब्यांचं ताट घेऊन आल्याच होत्या आणि वाकून उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी, ते हसण्याचं की आणखी कशाचं ते मी विचारलं नाही. दाजी बसले. वर पाहिलं तर कठड्यावरचे हात सुटले होते.

त्या रात्री मी दोनाऐवजी तीन नारळ बोललो. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर अक्षता पडल्या. लग्नाचं वर्णन करत नाही. लग्नं सगळी सारखीच, आणि मला रांगेत मागची जागा मिळाली होती.

परतीच्या गाडीत झाशी मागं पडली. उन्हानं तापलेली माळरानं खिडकीतून सरकत होती, अक्का पेंगत होती, वसंता झोपेचं सोंग घेऊन बायकोकडे पाहत होता. तिकडच्या मुली सासऱ्यासमोर आपल्याकडच्यासारख्या मुक्या बसत नाहीत. कुसुमनं पदर पुढं ओढला आणि सरळ विचारलं.

“मामंजी, रागवू नका, पण सगळे विचारत होते म्हणून. आमच्याकडची बोली आपण इतकी छान कुठे शिकून घेतली?”

“मला हिंदी येत नाही,” दाजी म्हणाले.